सोमवारचे रस्ते

माफ करून टाकणारी माणसं मला आवडत नाहीत. आमच्या गल्लीत अशी बरीच होती. ‘जाऊ द्या हो, झालं गेलं’ म्हणायची आणि चार दिवसांनी त्याच माणसाकडून पुन्हा फसायची. मी जाऊ दिलं नाही. एका माणसाने माझे रस्ते चोरले आणि मी त्याचा सूड घ्यायला निघालो. त्यातून काय झालं ते सांगतो. ऐकून मला मूर्ख म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण त्या माणसाला बिचारा म्हणू नका.

सदाशिव पेठेत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आधी अब्बांचं, मग माझं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचे आणि तोवर सायकलच दामटायचे. त्यामुळे माझ्या हाताला उसंत नसायची. रविवारी तर दुकानापुढे रांग लागायची, कारण नोकरदाराला तेवढाच एक वार मोकळा. माझी सुट्टी सोमवारी. सगळं पुणं कामाला जुंपलेलं असताना मी आपला काळी, बिनगिअरची सायकल काढून डोंगराकडे निघायचो.

बायको म्हणायची, सहा दिवस सायकली बघून पोट भरत नाही का तुमचं? नाही भरत. दुकानात सायकल उलटी टांगलेली असते, ती काय सायकल? पौड सोडून मुळशीच्या पाण्याकडेने ताम्हिणीला लागलं की कळतं सायकल कशाला म्हणतात ते. रविवारी तिथे गाड्या घेऊन माणसं यायची. सोमवारी कोणी नसायचं. दिवसातून एखादी एसटी, दोनचार म्हशी आणि मी. ताम्हिणी गावाच्या पुढे रस्ता कोकणात उतरायला लागतो आणि एका अंगाला दरी इतकी खोल जाते की खाली वाहणारं पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. तिथे मी पॅडल मारणं थांबवायचो आणि फ्रीव्हीलची टिकटिक ऐकत राहायचो. भोरवरून वरंध घाट, पानशेतच्या मागचा रस्ता, वेल्ह्याच्या पुढे तोरणा पाठीशी टाकून थेट कड्यापर्यंत जाणारी वाट, असे कितीतरी रस्ते मी एकट्याने पायाखाली घातले.

आणि प्रत्येक रस्ता वहीत लिहिला. कवी वगैरे नाही मी, मिस्त्री आहे. चढ किती, तर कितीदा उतरून सायकल ढकलावी लागली ते लिहायचं. उतार किती, तर ब्रेकचं रबर किती झिजलं ते. निघताना नवं रबर घालायचं आणि घरी आल्यावर काढून बोटाने बघायचं. ‘वरंध, अर्धं रबर.’ ‘ताम्हिणी, पाऊण, ओल असेल तर सबंध.’ पाणी कुठे, सावली कुठे, कोणत्या वळणावर खडी सुटलेली आहे, हेही लिहायचं. वरंधच्या एका वळणावर मी असाच खडीवर घसरून पडलो होतो, कोपर फुटून हाड दिसत होतं. एका धनगर बाईने आपल्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली आणि वर शिव्या दिल्या, घरी बायकापोरं असतील त्यांचा तरी इचार कर की म्हणून. तेही वहीत होतं. कोपरावर वण अजून आहे.

आता त्या माणसाबद्दल. कॉलेजात प्राध्यापक होते, मराठीच शिकवायचे. दोन गल्ल्या पलीकडे राहायचे आणि सायकल माझ्याकडे आणायचे. सायकल कसली, घर ते कॉलेज आणि कॉलेज ते घर. तिची रबरं दोन दोन वर्षं बदलावी लागत नसत. मला नेहमी म्हणायचे, मिस्त्री, तुमचं मराठी छान आहे हो. चार पिढ्या आम्ही ह्याच शहरात काढल्या, मराठी काय भाड्याने आणलंय? पण गिऱ्हाईक म्हणून मी हसायचो. एकदा पंक्चर काढून होईपर्यंत ते बाकावर बसले होते, शेजारी माझी वही पडली होती. त्यांनी ती चाळली, परत चाळली आणि म्हणाले, वाचून देतो. मला बरं वाटलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला आपली वही वाचावीशी वाटते म्हणून मी घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

पाच महिने वही परत आली नाही. आले ते लेख. रविवारच्या पुरवणीत, दर आठवड्याला एक रस्ता, वर त्यांचं नाव आणि सायकलवर हात ठेवून काढलेला फोटो. पहिला लेख ताम्हिणीचा. ‘मी पॅडल थांबवलं आणि दरीतून येणारा पाण्याचा आवाज ऐकत राहिलो.’ मी! वाचताना माझ्या हातातला चहा निवला. पुढच्या रविवारी पानशेत. मग वरंध. आणि वरंधमध्ये काय, तर लेखकमहाशय खडीवर घसरून पडले, कोपर फुटलं आणि एका धनगर बाईने लुगड्याची पट्टी फाडून बांधली. रस्ते चोरले, पाणवठे चोरले, ते एक वेळ समजू शकतो. माझं पडणं चोरलं हो त्यांनी. ज्या माणसाला आयुष्यात कधी खरचटलं नाही, तो माझं रक्त आपलं म्हणून छापून मोकळा झाला.

तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं, आत या म्हणाले, पाणी दिलं. चेहऱ्यावर कसली म्हणून लाज नाही. मी म्हणालो, सर, ही माझी वही आहे. ते शांतपणे म्हणाले, “मिस्त्री, नोंद करणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. तुमच्या वहीत रबरं होती. भाषा मी दिली.”

वही मात्र दिली परत. आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले की असे आणखी रस्ते असतील तर बघा, वाचकांची पत्रं फार येताहेत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी बघतो म्हणालो. जिना उतरेपर्यंत माझ्या डोक्यात सगळं ठरलं होतं.

त्या रात्रीपासून मी दुसरी वही लिहायला घेतली. त्यातले पहिले दोन रस्ते खरे. तिसरा खोटा. वेल्ह्याच्या पुढे एका ठिकाणी रस्त्याला फाटा फुटतो. ते ठिकाण नेमकं कुठे हे मी सांगत नाही, आजही कोणीतरी जाईल. उजवीकडचा रस्ता वाडीवर जातो. डावीकडचा कोकणात उतरवायचा म्हणून कधीतरी काढायला घेतला आणि कड्याशी येऊन सोडून दिला. सुरुवातीला ऐसपैस, मुरूम टाकलेला, दोन्ही बाजूंना झाडी. मग उतार, मग एक वळण, आणि वळणाच्या पलीकडे काही नाही. रस्ता तुटतो आणि घळ सुरू होते. मी वहीत लिहिलं: ‘फाट्याला डावीकडे. रस्ता रुंद, सावलीचा. उतार सुखाचा, पाव रबर. खाली नदीकाठी गाव, एसटी मिळते.’

हिशोब सरळ होता. हे छापणार. लोक जाणार, बघतात तर पुढे रस्ताच नाही, चडफडत परत येणार. आणि पुणेकर परत आला की काय करतो? संपादकाला पत्र लिहितो. ‘सदर लेखक महोदय सदर स्थळी कधी गेले होते हे कळेल काय?’ असली पाचपन्नास पत्रं आली की फोटोसकट सगळी ऐट उतरली असती. मी दुकानात आरे ओढताना ती पत्रं मनातल्या मनात रचायचो आणि एकटाच हसायचो. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

झालंही तसंच. सरांनी वही नेली, पहिले दोन रस्ते छापले आणि तिसऱ्या रविवारी माझा खोटा रस्ता पुरवणीत आला. मी पेपर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलो आणि चवीचवीने वाचायला लागलो. गेल्याच महिन्यात आपण तिथे जाऊन आलो, असं सरांनी ठोकून दिलं होतं. फाटा होता, सावली होती, नदीकाठचं गाव होतं. आणि माझ्या ‘पाव रबर’च्या जागी त्यांनी आपली भाषा दिली होती. ‘इथे ब्रेक पूर्ण सोडून द्यावेत आणि देहाने वारा व्हावं.’

तेव्हा पहिल्यांदा मला तो रस्ता नीट आठवला. मी त्या तुटक्या कड्यापर्यंत गेलो होतो तो पायी. चेन तुटली होती म्हणून सायकल हातात धरून चालत होतो. चालणाऱ्याला वळण सावकाश येतं, पुढचं दिसतं, तो थांबतो. ब्रेक सोडून सायकल उतारावर टाकली तर वळणानंतर थांबायला जागाच नव्हती. सगळ्या पुण्याचे ब्रेक बघणारा मी, आणि मला हे सुचलं नाही. सुडाच्या नादात मी रस्ता सायकलवरून बघितलाच नव्हता. तरी मनाची समजूत घातली की पेपर वाचून कोण एवढ्या लांब जातंय.

गुरुवारी एक गृहस्थ आले, बँकेत कारकून. दोन सायकली ओव्हरऑइलिंगला टाकल्या, एक त्यांची आणि एक बारा-तेरा वर्षांच्या मुलीची. मुलगी बरोबर होती. तिने लेख कापून पुठ्ठ्यावर चिकटवला होता. रविवारी पहिल्या एसटीच्या टपावर सायकली टाकून वेल्ह्याला जायचं आणि तिथून हा रस्ता करायचा, असं त्यांचं ठरलं होतं. परीक्षेत चांगले गुण मिळाले म्हणून तिने बक्षीस मागितलं होतं ते हे. मुलीने मला लेखातली ओळ वाचून दाखवली, ब्रेक सोडून द्यावेत ती, आणि वडिलांना म्हणाली की मी तुमच्या पुढे जाणार.

मी म्हणालो, साहेब, तो रस्ता पुढे तुटलेला आहे. त्यांनी विचारलं, तुम्ही कधी गेला होता? दोन वर्षं झाली, मी म्हणालो. ते हसले. म्हणाले, सर तर गेल्याच महिन्यात जाऊन आलेत, लेखात लिहिलंय की. आता छापलेल्या प्राध्यापकापुढे मिस्त्रीचं कोण ऐकणार? तो रस्ता मीच लिहिलाय, मुद्दाम खोटा लिहिलाय, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. भर दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. लाज वाटली, दुसरं काही नाही.

संध्याकाळी सरांकडे गेलो. आयुष्यात मी कुणापुढे असा उभा राहिलो नसेन. सगळं सांगितलं. रस्ता खोटा आहे, तुमची फजिती व्हावी म्हणून मी लिहिला, पुढे घळ आहे, एक मुलगी रविवारी जाणार आहे. उद्याच्या पेपरात दुरुस्ती छापून आणा, पाया पडतो, असंही म्हणालो. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आता हे संतापतील. संतापले असते तर मी त्यांना निम्मं तरी माफ केलं असतं.

ते म्हणाले, दुरुस्ती छापायची म्हणजे मी गेलोच नव्हतो हे कबूल करायचं. पुस्तकाचं बोलणं चाललंय. ते शक्य नाही.

मी म्हणालो, आणि ती मुलगी?

“चूक तुमची आहे, मिस्त्री,” ते म्हणाले. “तुम्हीच जाऊन उभे राहा तिथे.”

एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. जिन्यात मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. खरं सांगू, तो दरवाजा लाथेने तोडावा असं वाटत होतं आणि त्याचबरोबर हेही कळत होतं की माणूस हलकट आहे पण बोलला ते खरं आहे. त्या दोन गोष्टी एका डोक्यात मावत नाहीत. आजही मावत नाहीत.

शनिवारी दुपारीच दुकान बंद केलं आणि सायकल एसटीवर टाकून निघालो. फाट्याजवळच्या वाडीत ओळखीचं घर होतं, तिथे ओट्यावर मुक्काम केला. घरधनी म्हणाला, आज शनवार हाय, तू सोमवारचा गडी. काय सांगणार त्याला? रविवारी उजाडताच फाट्यावर जाऊन उभा राहिलो. फाट्यावरून वाडीकडे मी कितीदा गेलो होतो, पण तिथे नुसतं उभं राहण्याची वेळ कधी आली नव्हती. तोरण्यावरचं धुकं उतरलं, ऊन आलं, एक गुराखी बाई जनावरं घेऊन गेली. एवढी सुंदर सकाळ आणि मी मनात सरांना शिव्या घालत होतो, एकेक निवडून. आडवं लावायला दगड आणून ठेवले, तर ते मोठे झाले आणि मलाच भीती वाटली की ती पोर त्यांच्यावर आपटेल. पुन्हा उचलून बाजूला टाकले.

साडेनऊच्या सुमाराला घंटी ऐकू आली. मुलगी पुढे होती, वडील बरेच मागे. फाट्याच्या आधीच उतार सुरू होतो, तिने पॅडल सोडलं होतं आणि तोंड वर करून येत होती. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि थांब म्हणून ओरडलो. तिने दोन्ही ब्रेक एकदम आवळले. सायकल मुरमावर घसरली आणि ती पडली. कोपर फुटलं, दोन्ही गुडघे सोलवटले. मी माझा रुमाल फाडून बांधायला लागलो, तोवर वडील पोचले आणि माझ्यावर धावून आले. मग त्यांनी मला ओळखलं. अहो मिस्त्री, तुम्ही इथे कसे, असं म्हणून जागच्या जागी उभे राहिले.

मी म्हणालो, चला, दाखवतो. तिघेही सायकली तिथेच ठेवून डावीकडच्या रस्त्याने चालत गेलो. सावली होती, रुंद होता, मी लिहिलं होतं तसाच होता. वळण आलं. वळणाच्या पलीकडे रस्ता संपला. मुलगी कडेला जाऊ लागली तशी वडिलांनी तिचा दंड इतका घट्ट धरला की ती कळवळली. खाली घळ होती. घारी आमच्या पायाखालून उडत होत्या. बापाने एकदा खाली बघितलं, एकदा मुलीकडे बघितलं आणि मटकन खाली बसला.

तो बसून होता तेवढ्यात माझं बोलणं तयार झालं. आता सगळं सांगायचं. हे रस्ते माझे, ती वही माझी, वरंधवर पडलो तो मी, हा बघा वण. तो माणूस चोर आहे, इथे त्याचं पाऊलही पडलेलं नाही. आणि मग पुढचंही सांगायचं, की हा रस्ता मीच लिहिला. पहिलं सांगून दुसरं लपवता येत नव्हतं. ती पोर रक्ताळलेलं कोपर धरून माझ्याकडे बघत होती.

गृहस्थ उठले. डोळे पुसले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

“सरांची सायकल तुमच्याकडेच दुरुस्तीला येते, मी पाहिलीय,” ते म्हणाले. “गुरुवारी मला म्हणालात ते तुम्ही त्यांना कळवलंत आणि त्यांनीच उभं केलं ना तुम्हाला इथे?”

मी त्या मुलीकडे बघितलं आणि हो म्हणालो.

त्यांनी पेपरला पत्र लिहिलं. रस्ता खचल्याचं समजताच लेखकाने आपला माणूस भल्या पहाटे तिथे उभा केला, अशी वाचकांची काळजी घेणारे लेखक आज विरळा, वगैरे. ते पत्र चौकटीत छापून आलं. रस्त्याबद्दल सरांनी एक ओळ लिहिली नाही, दुरुस्ती आली ती एवढीच, तीही बँकेतल्या कारकुनाने लिहिलेली. पेपरात सगळेच सगळं वाचत नाहीत. लेखाची कात्रणं मात्र लोकांनी जपून ठेवली होती. म्हणून पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून मी पुन्हा जाऊन फाट्यावर उभा राहिलो, आणि त्याच्या पुढच्या रविवारी, आणि पावसाळा लागून ओढे रस्ता अडवेपर्यंत प्रत्येक रविवारी. माणसं येत राहिली. मी त्यांना उजवीकडे वळवलं, आणि जाता जाता त्यांनी मला सांगितलं की सरांना आमचा नमस्कार कळवा.